शूलपाणीरावांच्या टाकीतला बिननावाचा पाहुणा

एका जंगलात, समुद्रापासून पुरते दोन घाट लांब, एका साळिंदराच्या घरात समुद्र होता.

हसू नका मुलांनो. खरंच होता. बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली, चार हात लांब काचेच्या टाकीत. पाणी खारट होतं. तळाला वाळू होती, मधे दगड होते, आणि कोपऱ्यातल्या पंपातून दिवसभर बुडबुडे येत. लाटा तेवढ्या नव्हत्या. पण लाटा घरात घेतल्या की सतरंजी भिजते.

साळिंदराचं नाव शूलपाणी. जंगलाच्या नोंदणी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. जंगलात कोणी नवीन आलं की त्याचं नाव, कूळ, बीळ की घरटं, पाला खातो की शेजारी खातो, हे सगळं ते लिहून घेत. एकदा एक वटवाघूळ आलं. त्याला पक्षी म्हणावं की पशू, हे ठरेना. शूलपाणीरावांनी त्याला तीन महिने कचेरीच्या दारात लटकत ठेवलं. वटवाघळाची काही तक्रार नव्हती.

ते निवृत्त झाले तेव्हा जंगलात समुद्राची टूम निघाली होती. घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या होत्या. समुद्र प्रत्यक्ष कोणीच पाहिला नव्हता, म्हणून तो सगळ्यांना फार आवडायचा.

शूलपाणीरावांच्या पत्नी शलाकाबाई. त्यांनी सुरुवातीला टाकीचं नाव 'खारं पिंप' ठेवलं होतं. "लोक निवृत्त झाले की देवाचं करतात," त्या म्हणायच्या, "हे मिठाचं करतात." पण मग टाकीत केशरी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले. शलाकाबाई खिडकीशी कंद सोलायला बसल्या की ते दोघं काचेपाशी येऊन उभे राहत आणि तोंडं उघडझाप करत. शलाकाबाईंनी एकीला बुंदी म्हटलं, दुसरीला जिलबी. त्या दिवसापासून पिंपाची टाकी झाली.

शूलपाणीरावांचा जीव मात्र एका जांभळ्या पोवळ्यात अडकला होता. पंज्याएवढं, फांद्याफांद्यांचं पोवळं. तीन वर्षांत ते बोटभर वाढलं होतं. त्या बोटभर वाढीचं कौतुक त्यांनी जेवढ्या पाहुण्यांना ऐकवलं, तेवढं मुलाच्या लग्नाचंही ऐकवलं नव्हतं.

टाकीचं सामान किनाऱ्यावरून बाबलशेठ नावाचा पाणकावळा आणत असे. एका महिन्यात त्यानं एक दगड आणला. ओबडधोबड, भोकंच भोकं असलेला.

"हा जिवंत दगड," शूलपाणीराव ऐटीत म्हणाले.

"दगड कसला जिवंत?" शलाकाबाईंनी विचारलं.

"वैनीनु, समुद्रातलो दगड म्हणजे चाळ," बाबलशेठ पंख सुकवत म्हणाला. "भोकाभोकात बिऱ्हाडां. कोण कोण रवता, ता मालकाक पण म्हायत नसता."

नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं हे वाक्य ऐकून दचकायला हवं होतं. माणसानं म्हणजे साळिंदरानं. पण शूलपाणीराव तेव्हा काच पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओरडले. "अगं ए! घरात कोणीतरी आहे!"

"कोण आहे?"

"नाव माहीत नाही!"

इतर लोक 'चोर' हा शब्द ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात ते 'नाव माहीत नाही' म्हणत.

शलाकाबाई धावत आल्या. नव्या दगडाच्या एका भोकातून गुलाबी-लालसर असं काहीतरी डोकावत होतं. गांडुळासारखं, पण दोन्ही अंगांना पांढऱ्या राठ केसांच्या कुंच्या. त्यांच्याकडे पाहून ते सर्रकन आत गेलं.

त्याच दगडावर आणखी एक नवं बिऱ्हाड होतं. काचेचं असावं असं इवलंसं फूल. फिक्या चहाच्या रंगाच्या लांब पाकळ्या पाण्यात हलत होत्या.

"हे मात्र सुरेख आहे हो," शलाकाबाई म्हणाल्या.

"सुरेखच!" शूलपाणीराव म्हणाले. फुलाला नाव विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मग त्यांनी मोबाइल उचलला.

मुलांनो, त्या जंगलात 'समुद्रमित्र मंडळ' नावाचा एक ग्रुप होता. त्रेसष्ट सभासद होते. अध्यक्ष होते धनेश पक्षी, चंचुधरपंत. त्यांची चोच एवढी मोठी होती, की ते गप्प असले तरी काहीतरी महत्त्वाचं बोलताहेत असं वाटायचं.

शूलपाणीरावांनी भोकाचा फोटो पाठवला. फोटो हललेला होता. त्यात एक दगड आणि शूलपाणीरावांच्या नाकाची सावली एवढंच दिसत होतं. खाली लिहिलं होतं, "हा कोण? कृपया मार्गदर्शन व्हावे."

"विषारी," वानर उडाणे यांनी लगेच लिहिलं.

"माझ्याकडे फोटो उघडत नाहीये. पण विषारीच," रानडुकरानं लिहिलं.

"माझ्या मेव्हण्याच्या टाकीत असाच निघाला होता," तरसानं लिहिलं. "आज टाकी आहे, मेव्हणा नाही." मेव्हण्याची बदली झाली होती, हे पुढे कधीतरी कळलं.

मोरानं कमळाचं चित्र पाठवून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं.

शेवटी चंचुधरपंतांनी लिहिलं, "मंडळाचा आजवरचा अनुभव असा, की अनोळखी तो घातकी. विलंब न करता काढावा."

अंगठ्यांचा पाऊस पडला. तेवढ्यात एक बारीकसा संदेश आला. मंडोदरीबाईंचा. या बाई म्हणजे ओढ्याकाठची एक वयस्क बेडकीण. "घाई नको," त्यांनी लिहिलं होतं. "आठ दिवस नुसतं बघत बसा. तो कधी बाहेर येतो, काय खातो. मग ठरवा."

 बघत बसण्याचा सल्ला ग्रुपवर आजवर कोणी दिला नव्हता.

"आणि आठ दिवसांत मासे मेले तर जबाबदारी तुम्ही घेणार का?" उडाण्यांनी विचारलं.

"मी नाही घेणार. तुम्ही घेताय का?" मंडोदरीबाईंनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत मंडोदरीबाईंना ग्रुपमधून काढण्यात आलं. कारण दिलं होतं, 'नकारात्मक वातावरण'.

फुलाचाही फोटो गेला. तो हलला नव्हता. "अहाहा!" "काय नजाकत!" "नशीबवान आहात!" असे छप्पन्न संदेश आले. चंचुधरपंतांनी फुलाचं 'सागरकळी' असं बारसंही करून टाकलं. नाव मिळाल्यावर शूलपाणीरावांना फारच बरं वाटलं. नाव असलेल्यावर त्यांनी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता.

"त्या मंडोदरीबाई काही चुकीचं बोलत नव्हत्या," जेवताना शलाकाबाई म्हणाल्या.

"अगं, त्या गोड्या पाण्यातल्या. त्यांना समुद्रातलं काय कळणार?"

"तुम्ही तर कोरड्यातले."

शूलपाणीरावांनी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी मोहीम सुरू झाली. साळिंदराच्या शेपटीचे काटे पोकळ असतात. शूलपाणीरावांनी स्वतःचा गळलेला एक जाड काटा घेतला, एक तोंड मेणानं बुजवलं, आत सुकटीचा तुकडा ठेवला आणि तो सापळा दगडापाशी सोडला. पाहुणा अंधारात बाहेर येतो म्हणून टाकीवर शलाकाबाईंची शाल पांघरली. दुपारी दोनला समुद्रात रात्र झाली. साडेतीनला पाहुणा काट्यात होता.

"सापडला!" म्हणत शूलपाणीरावांनी त्याला चिमटीत धरलं.

आणि ते असे किंचाळले, की अंगणातली चिमणी उडून गेली. त्या राठ केसांची बारीक कुसळं होऊन त्यांच्या बोटात घुसली होती.

शलाकाबाईंनी चष्मा लावला, चिमटा आणला आणि एकेक कुसळ काढायला बसल्या. शूलपाणीराव डोळे मिटून कण्हत होते.

"अंगभर काटे घेऊन बसलेला प्राणी," त्या म्हणाल्या, "आणि बोटात काटा गेला तर केवढा हा आकांत!"

"माझे बाहेरच्या बाजूनं आहेत," शूलपाणीराव कळवळून म्हणाले.

चार दिवसांत अकरा पाहुणे सापडले. लहानमोठे. शूलपाणीरावांनी ते एका वाडग्यात घातले. मारायचा त्यांना धीर होईना. कचेरीत त्यांनी फार तर अर्ज मारले होते.

"मोरीत ओतून दे," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. शलाकाबाई वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"मोहीम फत्ते," शूलपाणीरावांनी ग्रुपवर लिहिलं. बेचाळीस टाळ्या आल्या. रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पंधरा दिवस गेले.

आधी पाणी गढूळ झालं. मग दगडांवर काळपट शेवाळाची साय धरली. बुंदी-जिलबीच्या तोंडातून सांडलेलं खाणं दगडांच्या फटींत जाऊन कुजू लागलं. खोलीत पाऊल टाकलं की सुकटीच्या पोत्यात डोकं घातल्यासारखा वास यायचा. गप्पांना येणारे पाहुणे यायचे बंद झाले. जे आले ते दारातूनच पोवळ्याची चौकशी करून गेले.

सागरकळी मात्र मजेत होती. एकीच्या सात झाल्या होत्या. मंडळानं जुन्या फोटोवरून शूलपाणीरावांना 'सुंदर टाकी' हे प्रशस्तिपत्रही दिलं. ते त्यांनी टाकीच्या वर टांगलं. म्हणजे खाली बघायला नको.

एके सकाळी एका सागरकळीची पाकळी जांभळ्या पोवळ्याला टेकलेली दिसली. जिथे टेकली होती तिथे पोवळं पांढरं पडलं होतं.

 शूलपाणीरावांनी ग्रुपवर विचारलं.

"खाणं वाढवा," रानडुकरानं लिहिलं.

"उपाशी ठेवा," तरसानं लिहिलं.

"लिंबू पिळा."

"दृष्ट काढा. लिंबू वेगळं नको, तेच दोन्हीकडे चालेल."

"कळ्या खुडा," वानर उडाण्यांनी लिहिलं. "आमच्याकडे जास्वंद खुडली की झाड सुधारतं."

शूलपाणीरावांनी सगळं केलं. वाढवलं, उपाशी ठेवलं, पिळलं, ओवाळलं. शेवटी कात्री घेऊन सातही कळ्या कराकरा कापल्या. कापलेले तुकडे वाळूत पडले. दोन दिवसांत प्रत्येक तुकड्यानं वाळूत पाय रोवला आणि पाकळ्या पसरल्या. सातांच्या एकतीस झाल्या.

त्या दिवशी शलाकाबाई खिडकीशी कंद सोलत होत्या. काचेपाशी एकटी बुंदी आली. जिलबी पंपाच्या मागे होती. तिच्या कुशीवर लाल चट्टा होता आणि ती एका अंगावर कलून श्वास घेत होती.

शलाकाबाईंनी सोलणं थांबवलं.

शूलपाणीरावांनी लिहिलं, "आमची जिलबी जाईल असं वाटतं. या सागरकळीबद्दल कोणाला खरी माहिती आहे का?"

त्रेसष्टातून मंडोदरीबाई आणि ते स्वतः वजा, एकसष्ट जणांनी तो संदेश वाचला.  मग 'चंचुधरपंत लिहीत आहेत' असं दिसू लागलं. दहा मिनिटं दिसत राहिलं.  शेवटी उत्तर आलं.

"प्रत्येक टाकीची प्रकृती वेगळी असते."

मोरानं कमळाचं चित्र पाठवलं.

शूलपाणीरावांनी मोबाइल उपडा ठेवला. ते टाकीसमोर जमिनीवर बसले. त्यांचे सगळे काटे अंगाला चिकटून खाली पडले होते. साळिंदर असं बसलं की ते फार लहान दिसतं.

"मी त्याला नाव विचारलं नाही," ते म्हणाले.

"कोणाला?"

"फुलाला. वटवाघळाला तीन महिने ताटकळत ठेवलं गं मी. आणि याला सरळ आत घेतलं."

 शलाकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि लोणच्याची एक बरणी घेऊन आल्या. बरणीत खारं पाणी होतं. तळाला काही गुलाबी, केसाळ वळवळत होतं.

शूलपाणीराव ताडकन उठले. "मोरीत ओतले नाहीस?"

"नाही."

"का?"

"मला काटेवाल्यांची सवय आहे."

मग त्यांनी सांगितलं. रोज दुपारी त्या बरणीत उरलंसुरलं काहीतरी टाकायच्या. कधी सुकटीचं डोकं, कधी माशांचं कुजकं खाणं. आणि कामं आवरता आवरता बघत बसायच्या. संध्याकाळपर्यंत तळ चाटूनपुसून लख्ख. "जिवंत कशालाही हे तोंड लावत नाहीत. मी गेल्या आठवड्यात टाकीतली एक जिवंत गोगलगाय सोडून पाहिली. तिच्या अंगावरून गेले, पण ढिम्म काही केलं नाही. तुम्हाला दोनदा सांगायला आले मी. तुम्ही दोन्ही वेळा मार्गदर्शन घेत होता."

शूलपाणीरावांनी बरणीत पाहिलं. सवयीनं त्यांचा हात वहीकडे गेला. "यांची नोंद... म्हणजे नाव तरी काय लिहू?"

"आधी ओता," शलाकाबाई म्हणाल्या.

त्यांनी ओतलं. पाहुणे वाळूवर पडले, क्षणभर घुटमळले आणि काळपट फटींमधे दिसेनासे झाले.

चार दिवसांनी बाबलशेठ आला. त्यानं टाकीत डोकावून पाहिलं आणि पंखांनी पोट धरून हसायला लागला.

"सायबानू, ह्यां काय लावलास?"

"सागरकळी," शूलपाणीराव पडेल आवाजात म्हणाले.

"ह्यां फूल न्हय. ह्यां तण. एक खुडलास की धा उगवतले. आणि डंख मारता ह्यां." त्यानं पिशवीतून लाल रेघांच्या तीन कोळंब्या काढल्या. "हेंका सोडा. हेंका ह्यां तण म्हणजे चवळीची भाजी."

"आणि तो केसाळ प्राणी? त्याचं नाव काय?"

"त्याका नाव?" बाबलशेठला प्रश्नच कळेना. "तो बापडो उष्टां काढता. त्याका हाक मारूची कधी येळ इली नाय. तो आपला काम करता, आमी आमचा."

शूलपाणीरावांनी तरीही वही उघडली. 'नाव' या रकान्यात बराच वेळ पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना कोरा सोडून त्यांनी पुढचा, 'काय खातो' हा, भरला.

कोळंब्यांनी तणाचा फडशा पाडायला तीन आठवडे घेतले. फटींतलं कुजकं केसाळ पाहुण्यांनी संपवलं आणि पाणी निवळलं. पोवळ्याची एक फांदी गेली ती गेलीच, पण बाकीच्यांना टोकाशी पुन्हा जांभळा रंग चढला. आणि एका सकाळी शलाकाबाई कंद सोलत असताना हळूच म्हणाल्या, "अहो."

शूलपाणीराव दाढी अर्धी टाकून आले. काचेपाशी बुंदी होती, आणि तिच्या शेजारी, थोडी तिरकी, जिलबी होती. दोघी तोंडं उघडझाप करत होत्या. दोघं नवराबायको किती तरी वेळ नुसते उभे राहिले. साबण वाळून गेला.

त्या दुपारी शूलपाणीरावांनी ग्रुपवर सगळी हकिगत लिहिली. काय चुकलं, कसं चुकलं, बरणीचं, सगळं. फार लांब झालं. कोणी वाचलं नाही. पण सोबतचा फोटो सगळ्यांनी पाहिला. लख्ख टाकी, दोन केशरी मासे.

"मंडळाच्या मार्गदर्शनाचं हे यश!" चंचुधरपंतांनी लिहिलं.

मंडळानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ झालं. शूलपाणीरावांना 'अनोळखी प्राणी विभागाचे प्रमुख' नेमण्यात आलं. भाषणात मंडोदरीबाईंचं नाव घ्यायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. घरी आरशासमोर घेऊनही पाहिलं होतं. पण भाषणाला दोन मिनिटं होती, आणि त्यातली पावणेदोन मिनिटं व्यासपीठावरच्या मान्यवरांना वंदन करण्यात गेली.

पुढे आठवड्याभरातली गोष्ट. शशांक नावाच्या एका तरुण सशानं नवी टाकी घेतली होती. त्यानं ग्रुपवर एक फोटो टाकला. फोटो हललेला होता. "दगडातून हे काय निघालंय? आम्ही दोघंही फार घाबरलोय. शूलपाणीकाका, तुम्हीच सांगा."

सगळं जंगल वाट पाहू लागलं.

शूलपाणीरावांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला. ती काडी असेल. अळी असेल. शशांकचं स्वतःचं बोटही असेल. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "मला माहीत नाही."

पाठवायच्या आधी त्यांचं बोट थांबलं. विभागाच्या प्रमुखाला माहीत नाही? हे शब्द दिसायला बरे दिसेनात. तिकडे 'उडाणे लिहीत आहेत' असं उमटलं होतं. आता क्षणाचाही उशीर परवडणार नव्हता.

शूलपाणीरावांनी ते तीन शब्द पुसले आणि लिहिलं, "प्रकार गंभीर आहे. आजच काढून टाका."

अठ्ठेचाळीस अंगठे आले. चंचुधरपंतांनी तर दोन दिले.

"काय लिहिलंत?" स्वयंपाकघरातून शलाकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मार्गदर्शन."

शलाकाबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून मोबाइलमधलं वाचलं.  पदराला हात पुसले, स्वतःचा मोबाइल काढला आणि शशांकच्या बायकोचा नंबर शोधायला लागल्या.

तात्पर्य : मुलांनो, अनोळखी प्राण्याची ओळख पटली नाही तरी काही बिघडत नाही. चारचौघांत आपली ओळख पटली, की आपण तज्ज्ञ.